पुढचा शाफ्ट

धर्मराजच्या पोटात दुखत होतं. खाण्यापिण्याचं दुखणं असतं तर चिमूटभर ओव्यानं मिटलं असतं. पण हे दुखणं रस्त्याच्या पलीकडं, बदरोद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजात, चार ठोकळ्यांवर उभं होतं आणि त्याला नवा हिरवा रंग लागत होता.

बदनापुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर धर्मराजचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान. दुकानामागं घर, घरामागं गोठा. आणि बरोबर समोर ते गॅरेज. खुर्चीत बसलं की नजर थेट त्या जीपवर जायची. खुर्ची फिरवून बसावं तर गिऱ्हाइकाकडं पाठ होते. तेव्हा बघण्यावाचून इलाजच नव्हता, आणि बघितलं की जीव जळायचा.

कारण ती जीप त्याचीच होती की हो! वीस वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीच्या लिलावात त्यानं घेतलेली. चारही चाकांना जोर असलेली गाडी. तेव्हा खेड्यांचे रस्ते म्हणजे नुसती काळी माती, पाऊस पडला की बैलगाडीसुद्धा आखापर्यंत रुतायची. अशा दिवसांत बियाण्याची पोती घेऊन पार भोकरदनच्या धावड्यापर्यंत जाणारी एकच गाडी होती, धर्मराजची. लोक नावानं ओळखायचे. 'धर्मराजची जीप आली,' म्हणायचे. पुढच्या सीटवर कधी कृषी सहायक, कधी सरपंच. बायको वंदना मागं, पोत्यांवर. ती कधी म्हणालीच, "आज पुढं बसू का?" तर तो म्हणायचा, "मागं बस. पोत्यांकडं लक्ष ठिव."

मग रस्ते झाले. डांबरावर चार चाकांचा जोर काय चाटायचाय? धर्मराजनं घरामागं जीप लावून स्वतःच्या हातानं पुढचा शाफ्ट सोडवला. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा तो लोखंडी दांडा. तो काढला की गाडी नुसत्या मागच्या चाकांवर पळते आणि डिझेल कमी पिते. पुढं गाडीच उभी राहिली. दहा वर्षं गोठ्याच्या कडेला पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आणि सहा महिन्यांपूर्वी त्यानं ती लोखंडाच्या भावात विकून टाकली. विकली तेव्हा मिशीतल्या मिशीत हसला होता. बघा, कसा गंडवला!

गंडवला कुणाला? साडूला. काकासाहेब म्हणजे वंदनाच्या थोरल्या बहिणीचा, उषाबाईचा नवरा. आता या दोघांचं कसं होतं ते सांगायला पाहिजे. लग्नात सासऱ्यानं दोघांनाही घड्याळ दिलं होतं. काकासाहेबांच्या घड्याळाचा पट्टा स्टीलचा, धर्मराजच्या घड्याळाचा चामड्याचा. तीस वर्षं झाली. दोन्ही घड्याळं कधीची बंद पडली, पण तो पट्टा धर्मराज विसरला नव्हता. वरून काकासाहेब माणूस असा हसरा, की त्याच्याशी भांडायचीही सोय नाही. चिडावं तर हाच पाठीवर हात ठेवून चहा मागवणार!

काकासाहेब अंकुशनगरच्या साखर कारखान्यात होते. चाळीस वर्षं ऊस बघितला. रिटायर झाले आणि म्हणाले, "आता जिथं काहीच पिकत न्हाई असं रान बघायचंय मला." म्हणजे वाळवंट. जैसलमेरच्याही पलीकडं, नुसती वाळू. तिथं हिंडायला चारही चाकांना जोर असलेली जुनी गाडी पाहिजे. त्यांनी धर्मराजकडनं ती घेतली आणि टोचन करून थेट समोर बदरोद्दीनकडं लावली, कारण त्या जीपच्या पोटातली नस न् नस बदरोद्दीनला ठाऊक होती.

"लोखंड हाये नुसतं, बदरोद्दीनभाई," पहिल्या दिवशी धर्मराज रस्ता ओलांडून सांगायला गेला होता. "उगं साडूचा खर्चा करू नका."

बदरोद्दीन बोनेटमध्ये वाकलेला. तसाच म्हणाला, "शेठ, इंजिन जिवंत हाये. तुमीच मारून ठिवलं व्हतं."

तिथून दुखणं सुरू झालं. आधी इंजिन उतरलं. मग स्प्रिंगचे पाटे बदलले, गाडी वीतभर वर आली. सडलेला पत्रा कापून नवा लावला. मागच्या बाजूला जादा डिझेलचे आणि पाण्याचे डबे अडकवायची जागा झाली. वाळूत रुतलं तर चाकाखाली घालायला लोखंडी फळ्या आल्या, त्या टपावर बसल्या. रुंद टायर आले. आणि एका सकाळी, धर्मराज दुकानात उदबत्ती लावत असताना, पहिल्याच सेल्फला गाडीनं आवाज दिला. तोच आवाज! हातातली उदबत्ती तशीच राहिली आणि बोटाला चटका बसला.

येणारे-जाणारे थांबायला लागले. मोबाईलवर फोटो काढायला लागले. हे एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण एक गिऱ्हाईक हरभऱ्याचं बियाणं मोजता मोजता म्हणालं, "काकासाहेबांची जीप काय झ्याक झालीय, नाही?" काकासाहेबांची! त्या दिवशी धर्मराजला जेवण गेलं नाही. आपण ठेवली असती तर? आपण रंगवली असती तर? दहा वर्षं रोज तिच्याकडं पाठ करून गोठ्यात गेलो, तेव्हा का नाही सुचलं? आणि सुचलं कुणाला, तर स्टीलच्या पट्ट्याला!

मग देव पावला. बदरोद्दीन हात पुसत दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, हिचा पुढचा शाफ्ट कुठं हाये?"

वंदना तिथंच होती, दुपारचा डबा घेऊन आलेली.

"शाफ्ट?" धर्मराज म्हणाला. "तो तर भंगारात गेल्ता. धा वर्सं झाली."

"सच?"

"गळ्याची शप्पथ." आणि त्यानं गळ्याला चिमूट लावली.

बदरोद्दीननं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. हा माणूस रिकाम्या पोत्याची सुतळीसुद्धा गुंडाळून खिळ्याला अडकवतो, हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना माहीत होतं. पण शपथेपुढं काय बोलणार? तो गेला.

शाफ्ट कुठला भंगारात जातोय! तो गोठ्याच्या पत्र्यावर होता. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून वजन ठेवलेला. त्याआधी तो दुकानात पडून होता तेव्हा शटर रंगवताना त्याच्या एका टोकाला निळा रंग सांडला होता, तो डागही तसाच. बदरोद्दीनची पाठ वळताच धर्मराज गोठ्याकडं निघाला. बावन्न वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला, पण शिडी लावून वर चढला, तो दांडा खाली घेतला, गोठ्याच्या माळ्यावर नेला आणि कडब्याच्या पेंढ्यांखाली लपवला. खाली उतरला तेव्हा वंदना म्हशीला पाणी दाखवत उभी होती.

"काय करून राह्यलात वर?"

"मांजर व्याली का बघत व्हतो."

"व्याली का मंग?"

"न्हाई."

पुढचे पंधरा दिवस धर्मराजनं जे सुख भोगलं ते सांगायला नको. बदरोद्दीन जालन्याच्या भंगार बाजारात जाऊन आला. संभाजीनगर झालं, नांदेडला फोन झाले. इतक्या जुन्या गाडीचा शाफ्ट कुठंच मिळेना. नवा करून घ्या म्हणावं, तर बदरोद्दीनच आडवा. "केलेला शाफ्ट बराबर बसला न्हाई तर गाडी थरथरती. बीच वाळवंटात तुटला तर बायकोला घेऊन पायी येनार का? मी बिलकुल न्हाई लावनार." रोज संध्याकाळी काकासाहेब अंकुशनगरहून दुकानात येऊन बसायचे, चेहरा पडलेला, आणि धर्मराज स्वतः चहा मागवायचा. "भेटंल हो साडूभाऊ, भेटंल," म्हणायचा. असा गोड चहा त्यानं आयुष्यात पाजला नव्हता.

आणि एका बुधवारी काकासाहेब कंटाळून बोलले. दुकानात बदरोद्दीन होता, उषाबाई होती, वंदना कपबशा घेऊन आली होती.

"आता लई झालं. रविवारपर्यंत शाफ्ट भेटला तर बराबर सोमवारी निघायचं. न्हाई भेटला तर नाद सोडला. धर्मराज, तुमची जीप तुमीच परत घ्या. दिली त्याच भावात."

दिली त्याच भावात! दुरुस्त झालेलं इंजिन, नवे पाटे, रंग, टायर, सगळ्यासकट!

"आन् ऐका," काकासाहेब पुढं म्हणाले, "गाडीत चार जागा हायेत. मी, उषा, आन् गाडीचा डॉक्टर म्हणून बदरोद्दीनभाई. चौथं सीट रिकामं हाये. जो कोनी शाफ्ट आनून देईल त्याचं ते सीट. खर्चा समदा माझा."

असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. धर्मराजकडंही बघितलं. जरा थांबून बघितलं. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी धर्मराजलाही मोह झाला. वाळू, ती गाडी, तो आवाज. हात वर करावा आणि म्हणावं, हाये, माझ्याकडंच हाये! पण चौथं सीट? स्वतःच्या गाडीत मागं बसायचं, आणि पुढं साडू? छट्! चार दिवस तोंड मिटून बसलं तर अख्खी गाडीच परत येतेय.

"कोन देतंय आता," तो म्हणाला आणि चहा पिऊन टाकला.

गुरुवारी त्यानं गोठ्याजवळची जागा झाडून घेतली. शुक्रवारी वर ताडपत्री बांधायला बांबू आणले. शनिवारी तर सकाळपासून त्याला दिसायलाच लागलं. गाडी आपल्या दारात. मग एके दिवशी सहज सांगायचं, 'अरे, शाफ्ट तर माळ्यावरच सापडला!' मग अंकुशनगरला जायचं, साडूच्या दारावरून, हॉर्न वाजवत. विचार करकरून त्याला राहवेना. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तो शिडी लावून माळ्यावर चढला. नुसतं डोळे भरून बघावं म्हणून.

पेंढ्या उचलल्या. शाफ्ट नव्हता.

सगळा कडबा उपसला. कुसळं मानेत शिरली. शाफ्ट नव्हताच. होता तिथं धुळीत लांबलचक रेघ तेवढी उमटलेली. धर्मराज त्या माळ्यावर मट्कन बसला. कुणी नेला? शेण काढायला येणारी झुंबरबाई? पण ती साठीची, तिला तो उचलेल का? भंगारवाला? बोंब मारावी तर काय मारावी? जी वस्तू आपल्याकडं नाहीच म्हणून शपथ खाल्ली, ती चोरीला गेली असं कुणाला सांगायचं?

खाली येऊन त्यानं वंदनाला विचारलं, "माळ्यावर कोन गेल्तं का?"

"काहून? काय ठिवलं व्हतं?"

"काही न्हाई."

"मंग काही गेलं बी न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी उलथली.

रविवारी सकाळी काकासाहेबांचा निरोप आला, की दुधनेच्या पात्रात गाडी बघायला या. धर्मराजला वाटलं, गाडी परत करायच्या आधी साडूला एकदा चालवून घ्यायची असेल. तो इस्त्रीचे कपडे घालून गेला. वंदना आधीच उषाबाईबरोबर गेली होती. नदीत पाण्याची बारीक धार, बाकी कोरडी वाळू. वाळूवर टायर पसरावेत म्हणून बदरोद्दीननं चारही टायरमधली हवा निम्मी सोडली. काकासाहेबांनी गाडी वाळूत घातली आणि मधोमध नेऊन मुद्दाम थांबवली. परत उचलायला गेले, तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी बसली.

धर्मराजला हसू आवरेना. "मी म्हनलं व्हतं ना, लोखंड हाये नुसतं!"

"आता टाका, काकासाहेब," बदरोद्दीन ओरडला.

काकासाहेबांनी गिअरशेजारचा, पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा दांडा मागं ओढला. आणि पुढची चाकं फिरली. वाळू खात, घुरघुरत ती गाडी अशी वर आली, अशी वर आली, की काठावर बसलेल्या दोन म्हशी उठून पळाल्या! चढ चढून ती थेट धर्मराजच्या समोर येऊन थांबली. वीतभर उंच झालेली गाडी आणि तो खाली उतारावर, त्यामुळं तिचं पोट त्याला साफ दिसत होतं. तिथं एक लोखंडी दांडा होता. त्याच्या एका टोकाला निळा डाग होता.

आता माणसानं गप बसावं की नाही? पण तीस वर्षांचं साठलेलं, ते गप बसू देतंय का! धर्मराज बोट दाखवून ओरडला, "ओ! हा माझा शाफ्ट हाये! माझ्या घरातून नेलाय ह्यो!"

बदरोद्दीन फडक्यानं हात पुसत राहिला. उषाबाईनं पदर तोंडाला लावला. काकासाहेबांनी इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाले, "तुमचा तर भंगारात गेल्ता ना, धर्मराज?"

धर्मराजनं दाखवलेलं बोट खाली घेतलं.

"पंधरा दिवस वाट बघितली मी," काकासाहेब म्हणाले. आज ते हसत नव्हते. "मला वाटत व्हतं, आज सांगताल, उद्या सांगताल. रोज तुमच्या दुकानात येऊन कशाला बसत व्हतो? बदरोद्दीनभाईला पहिल्याच दिवशी समजलं व्हतं. ते चौथं सीट तुमच्यासाठीच ठिवलं व्हतं मी. तुमच्यासमोर, तुमच्याकडं बघून बोललो."

"मंग ह्यो... कोनी दिला?"

"मी दिला," वंदना म्हणाली. ती गाडीच्या पलीकडून पुढं आली. "बुधवारीच. तुमी दुकानात बसल्यावर झुंबरबाईला संगं घेतलं, दोघींनी खाली काढला आन् मागल्या दारानं, वळसा घालून भाईंकडं नेऊन दिला. भाईंनी रातीतून बसवला. दाजी बोललेच व्हते. जो देईल त्याचं सीट."

"तुझं? तू चालली? वाळवंटात?"

"व्हय. उद्या." तिनं त्याच्याकडं बघितलं. रागावलेली नव्हती, तेच वाईट. "लोणचं फळीवर हाये. भाकरीचं झुंबरबाईला सांगितलंय. म्हशीला वेळेवर पाणी दावा."

सोमवारी सकाळी आठ वाजता ते गेले. बदरोद्दीननं गॅरेज पोराच्या, साजिदच्या हवाली केलं होतं. वंदना नवी चप्पल घालून, मागं, उषाबाईच्या समोर बसली. गाडी दुकानावरून गेली तेव्हा काकासाहेबांनी हॉर्न वाजवला. धर्मराजनं ठरवून मान खाली घालून पावती फाडली. गिऱ्हाईक नव्हतंच. तो आवाज स्टेशनच्या वळणापर्यंत त्याला ऐकू येत राहिला. साडूवर जळायची त्याला सवय होती. पण त्या दिवशी तो आपल्या बायकोवर जळला, आणि हे दुखणं नवं होतं, त्याला कुठं हात लावावा तेच कळेना.

पाचव्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. चारी बाजूंनी वाळू, एक झुडूप नाही, आणि मधोमध ती हिरवी जीप. काय दिसत होती! धर्मराजनं तो फोटो दुकानात आलेल्या प्रत्येकाला दाखवला. "बघा, माझी गाडी. मूळची माझी. तो शाफ्ट बी माझाच." दुपारी झुंबरबाई भाकरी घेऊन आली, तिलाही दाखवला. तिनं डोळे बारीक करून, फोन लांब धरून बघितला.

"आन् चालवून कोन राह्यली?" झुंबरबाई म्हणाली.

धर्मराजनं फोन हिसकावून घेतला. बोटांनी फोटो मोठा केला. सकाळपासून वीस लोकांना दाखवला, पण त्यानं टायर बघितले होते, रंग बघितला होता, फळ्या बघितल्या होत्या. स्टेअरिंगमागं वंदना होती. दोन्ही हात चाकावर, पदर कमरेला खोचलेला, आणि ती हसत होती. असं हसताना त्यानं तिला कधी बघितलं, ते त्याला आठवेना. शेजारचं सीट रिकामं होतं.

भाकरी तशीच ठेवून त्यानं फोन लावला.

"तू गाडी चालवून राह्यली?"

"व्हय. दाजींनी शिकवलं," वंदना म्हणाली. फोनमध्ये वारा घोंगावत होता. "हितं कोनाला धडकायचं? हाये काय हितं!"

"दुसऱ्यात उचल. वाळूत पहिला गिअर टाकू नको, चाक खोदतंय."

"म्हाईत हाये."

समोर गॅरेजातले चार ठोकळे रिकामे पडले होते.

"शेजारी कोन बसतंय?"

"आज कोनी न्हाई. दाजी फोटो काढून राह्यलेत."

"मंग..." धर्मराज म्हणाला. झुंबरबाई समोर उभी होती, पण आता त्याला तिची लाज वाटेना. "पुढल्या खेपेला जाताल तवा... मला बी यायचंय. विचारशील का साडूभाऊला?"

मग वंदना म्हणाली, "विचारते. पन मागं बसावं लागंल. पान्याच्या डब्यांकडं लक्ष ठिवायला."

धर्मराजनं डोळे मिटले.

"बसतो," तो म्हणाला.